कृष्णाकाठचा म्हाळ

पुण्याहून निघालेली एस.टी. खंबाटकीचा घाट ओलांडून खाली उतरली, की माझ्या वडिलांची भाषा बदलत असे. घाटाच्या अलीकडे ते ‘नाही’ म्हणत, पलीकडे ‘न्हाई’. चाळीस वर्षे पुण्यात कारकुनी केलेला हा गृहस्थ फाट्यावर उतरला म्हणजे चपला काढून हातात घेई आणि गावापर्यंतची वाट अनवाणी चाले. का, म्हणून आम्ही पोरांनी कधी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

ते जाऊन आता दोन वर्षे झाली. यंदा भाद्रपद वद्य नवमीला मी गावी गेलो तो त्यांच्या म्हाळासाठी. बरोबर आमची मंडळी होती आणि मुलगी. गावाचे नाव सांगून काही उपयोग नाही. वाई आणि सातारा यांच्या मधोमध, कृष्णेच्या काठाला अशी गावे एकाला लागून एक बसलेली आहेत, त्यांतलेच ते एक. नदी, ऊस, भैरोबाचे देऊळ आणि एक तालीम. देवळात तेवढे वेगळेपण आढळले. मंडपात चार पंखे आहेत आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यावर ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’ असे रंगवलेले आहे. पंखा बंद असला म्हणजे नाव वाचता येते. वारा हवा असेल तर स्मरण सोडावे लागते! एस.टी.ची निवाराशेड, शाळेतली पाण्याची टाकी, पारावरचे सिमेंटचे बाकडे, सगळे कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ. आमच्या गावाला माणसे विसरायला आवडत नाहीत, असे एखाद्या परक्याला वाटावे.

ज्यांनी कृष्णाकाठचा म्हाळ पाहिलेला नाही, त्यांना शहरातल्या श्राद्धावरून त्याची कल्पना यायची नाही. शहरात ही गोष्ट दार लोटून, रजा मिळाली तर, उरकायची असते. इथे म्हाळ म्हणजे जेवणावळ. पितरपाट लागला की पंधरा दिवस रोज कुणाच्या तरी अंगणात पंगत बसते. एकाच दिवशी तीन घरचे आवतण आले तर गडी पहिल्या घरी वड्याला हात लावतो, दुसऱ्या घरी खिरीला आणि तिसऱ्या घरी जाऊन नुसता पाणी पितो, पण जातो. न जाणे म्हणजे त्या घरच्या मेलेल्या माणसांचा अपमान. भाज्यांचा तर मेळाच असतो. अळू, गवार, कारले, भोपळा, भेंडी, जे जे त्या दिवसांत वेलीवर आणि वाफ्यात असते ते सगळे पानावर आले पाहिजे; कारण कोणत्या पितराला काय आवडत होते हे आता कोण सांगणार? चुकू नये म्हणून सगळेच करायचे.

सैपाकघरात त्या दिवशी आमच्या आत्याचे राज्य होते. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. पंच्याऐंशी पार केलेली, पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. नळाचे पाणी आणि प्लॅस्टिकची पिंपे घरात असताना तिने माळ्यावरचा तांब्याचा हंडा खाली काढायला लावला. “पितरांचं पाणी पिंपातलं न्हाई चालत,” एवढेच तिचे म्हणणे. हंडा चिंच लावून घासला गेला आणि दारात येऊन बसला.

मग तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, गोवरीवर निखारे घेतले आणि आगारी टाकायला सुरुवात केली. तूप घातलेला भाताचा एकेक घास निखाऱ्यावर ठेवायचा आणि अंगठ्याच्या मुळावरून पाणी सोडायचे. प्रत्येक घासाला एक नाव. आधी माझ्या वडिलांचे. ते ऐकताना घशात आवंढा आला, हे लपवण्यात अर्थ नाही. मग आजोबांचे, आजीचे, पणजोबांचे. मग तात्या म्हणाले, “ही धाकल्या पणजीला,” आणि तिचे नाव घेतले. पुढचा घास ठेवत म्हणाले, “आन् ही थोरलीला.” आणि पुढे गेले.

“थोरलीला म्हणजे?” माझ्या मुलीने विचारले. तिला मधेच बोलण्याची खोड आहे. ती माझ्यावरून गेली आहे. “सगळ्यांची नावं घेतलीत, तात्याआजोबा. तिचं नाही घेतलं.”

“थोरली म्हंजी थोरली, पोरी. तिचं नाव न्हाई.”

“नाव नाही असं कसं असेल?”

तात्यांचा हात तसाच राहिला. त्यांचे वय ऐंशीच्या घरात. या निखाऱ्यापुढे ते पन्नास वर्षे बसत आलेले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मलाही कधी पडला नव्हता, हे कबूल करतो. शेवटी कावळ्याने कौलावरचा घास उचलला आणि मंडळी सुटली.

थोरल्या पणजीची हकीकत घरात सर्वांना ठाऊक होती, ती एवढीच: माझे आजोबा लहान असताना ती मानमोडीत गेली. पणजोबांनी दुसरे लग्न केले. आजोबांना वाढवले ते सावत्र आईने, आणि सख्खीसारखे वाढवले, म्हणून घरात नाव राहिले ते धाकटीचे. मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. त्या वर्षी जूनमध्ये तो मुंबईत उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत खेडोपाडी शिरला. हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली असे मानतात. सुगी शेतात उभी आणि कापायला घरात माणूस नाही, असे ते वर्ष होते.

नाव नसले तरी आमच्या देव्हाऱ्यात थोरली आहे. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला, मागे तांब्याचा पत्रा असलेला, अंगठ्याच्या नखाएवढा टाक. दोन हात, कपाळावर कुंकवाचा ठिपका, एवढेच त्यावर दिसते. पहिली बायको गेल्यावर येणाऱ्या दुसरीने सवतीचा टाक गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडे रीत होती. गेलेलीचा मान राहावा आणि तिची पीडा होऊ नये, असा दुहेरी हिशोब. धाकटी पणजी तो टाक जन्मभर काळ्या दोऱ्यात बांधून वागवीत होती. ती गेल्यावर तो देवांत आला. आत्या रोज त्याला गंध लावते.

जेवणे झाल्यावर ओसरीवर सुपारी कातरताना हाच विषय निघाला. मुलगी म्हणाली, “माहुलीला कुत्र्याची समाधी आहे. तिचं नावसुद्धा लोकांना माहीत आहे.” आता हे खरे होते. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात त्या संगम माहुलीला आम्ही वडिलांच्या अस्थी सोडल्या, तेव्हा तिने ती समाधी पाहिली होती. थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या. महाराजांचा जीव वाचवला म्हणून त्याला मरणोत्तर हा मान. खंड्याने तो कमावला, याबद्दल वाद नाही. पण तात्यांना ते लागले. त्यांनी मोबाईल काढला आणि हेळव्याला फोन लावला.

हेळवी म्हणजे आमचा वंश ज्याच्या चोपडीत आहे तो माणूस. माझ्या लहानपणी सुगी संपली की तो यायचा. बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आजोबा अंगरखा घालून बाहेर येत. कानडीत हेळवा म्हणजे पांगळा. यांचा मूळपुरुष पांगळा होता, बैलावर बसून दारोदार फिरे, म्हणून हे नाव, असे सांगतात. आमचा हेळवी धडधाकट होता, पण आजोबा समोर येईपर्यंत बैलावरून उतरत नसे. मग वंशावळ सुरू व्हायची. कुठल्या दुष्काळात कुठले गाव सोडले, कुणाशी बांधावरून भांडण झाले, कुणाला किती लेक. एका दमात, सुरात. आपल्या खापरपणजोबाचे नाव परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा यायचा. बिदागी म्हणून धान्य, एखादे भांडे, बरे साल असले तर खोंड. आताचा हेळवी त्याचा नातू. तो टेम्पोतून येतो. फोनवर त्याने पाने उलटल्याचा आवाज आला.

“हाय की. तुमचा पणजा. बायका दोन. थोरलीला ल्योक एक. धाकलीला ल्योक दोन, लेकी दोन.”

“थोरलीचं नाव?”

“बायकांची नावं आमच्यात नसत्यात, तात्या. ल्योक कुणाचा हे कळायपुरतं थोरली-धाकली लिवलेलं.”

एवढ्यात माझा चुलतभाऊ आतून एक फाईल घेऊन आला. २०२३ सालापासून आमच्या भागात घरोघर अशी एक फाईल झालेली आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि शंभर-सव्वाशे वर्षे धूळ खात पडलेली जन्म-मृत्यूची कोतवाल बुके, जुने फेरफार, शाळेचे दाखले यांना एकाएकी भाव आला. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दारात गाड्या उभ्या राहू लागल्या. दाखल्यासाठी का होईना, पणजोबाचे अक्षर-अन्-अक्षर लोकांनी वाचून घेतले. आमच्या भावानेही गावच्या कोतवाल बुकाच्या नकला आणल्या होत्या. त्या वाचून देणारे निवृत्त गुरुजी त्या दिवशी आमच्याच पंगतीला होते. त्यांनी चष्मा पुसला आणि १९१८ चे ऑक्टोबरचे पान काढले.

ते पान मी पाहिले. मोडी मला येत नाही, पण एक शब्द ओळीमागून ओळीत सारखा दिसत होता, तो गुरुजींनी बोट ठेवून सांगितला: ताप. ताप. ताप. मरणाचे कारण या रकान्यात दुसरे काही नव्हते. मधेच एका ओळीत आमच्या पणजोबांचे नाव होते आणि पुढे ‘याची बायको. वय ३०. ताप.’

“एवढंच?” मुलगी म्हणाली.

“एवढंच,” गुरुजी म्हणाले. “लिहिणारा तरी किती लिहील, बाळ? त्याच्याही घरचं कुणी असेल या पानावर.”

परवा १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव वडिलांच्या नावाच्या आधी लावायचे ठरले, तेव्हा आमच्या कचेरीत त्यावर पुष्कळ विनोद झाले होते. हसणाऱ्यांत मीही होतो.

गुरुजी जायला उठले. दारात हात धुण्यासाठी त्यांनी हंड्यातून तांब्या भरून घेतला आणि तिथेच थबकले. हंड्याच्या गळ्याला ठिपक्यांची एक ओळ कोरलेली होती. तात्या म्हणाले, “ते वजन हाय. तांबटानं घातलेलं.” हे आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो होतो. गुरुजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी तांदळाची पिठी मागितली, हंड्याच्या गळ्याला चोळली आणि फडक्याने वरची पुसून टाकली. खोलगट ठिपक्यांत पांढरे भरले. मोडी अक्षरे उठली.

आधी एक चार अक्षरी नाव. मग तिच्या बापाचे नाव, आडनावासह. मग ‘मु.’ आणि एका वाडीचे नाव.

आमच्या घरात हे आडनाव कुणाचेच नव्हते. धाकट्या पणजीचे माहेर कऱ्हाडकडचे, ते सर्वांना ठाऊक. मग लेकीला आंदण दिलेला हा हंडा दुसऱ्या कुणाचा? माझ्या आजोबांना लहानपणी याच हंड्यातले पाणी तापवून न्हाऊ घालीत, असे आत्याने त्यांच्याच तोंडून ऐकले होते. गेली शंभरांहून अधिक वर्षे दर म्हाळाला आम्ही तो घासत होतो, भरत होतो आणि त्यातले पाणी तिच्याच नावाने, म्हणजे तिच्या नावाशिवाय, सोडत होतो.

तात्यांनी एक शंका काढली. “लग्नात नाव बदललं असंल. हे माहेरचं.”

“माहेरचंच घ्यायचं,” आत्या म्हणाली. “तिच्या बापानं ठिवलेलं हाय.”

मग जरा वेळाने तीच म्हणाली, “म्हाळ नवमीला का असतो आपला, आत्ता कळलं मला.” पितृपक्षातली नवमी अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णींची तिथी. भावकीत कुणाचा म्हाळ पंचमीला, कुणाचा अमावास्येला. आमच्या घराने नवमी का धरली, याला ‘पूर्वीपासून’ यापलीकडे उत्तर नव्हते. पणजोबांनी कागदावर काही ठेवले नाही. तिथी तेवढी ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती वाडी शोधायला निघालो. हमरस्ता सोडून चंदन-वंदनच्या जोडकिल्ल्याकडे तोंड केले की वाटेत किकली लागते. आमची वाट किकलीवरूनच होती, म्हणून भैरवनाथाच्या देवळापाशी थांबलो. किकलीचे वीरगळ पाहायला लांबून माणसे येतात. मी पन्नास वेळा जवळून गेलो असेन, उतरलो कधी नव्हतो. देवळाच्या आवारात दगडी पाट्या ओळीने उभ्या आहेत. तळच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. काही ठिकाणी गाई, कारण गाई पळवून नेणाऱ्यांशी लढून मरणे हे त्या काळी गावासाठी मरणे होते. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्याला कलश आणि चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती. पाथरवटाने सगळे कोरले. वीराचे नाव मात्र बहुतेक वीरगळांवर नसते. ते सगळ्या गावाला ठाऊकच होते, ते कशाला कोरायचे? ठाऊक असणारी माणसे गेली आणि दगड उरले.

सतीशिळांवर तर माणूसही नसतो. कोपरात वाकवलेला, वर उचललेला एक हात आणि त्यात भरलेल्या बांगड्या. त्या हाताकडे पाहून नमस्कार करावा की मान खाली घालावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझी मुलगी बराच वेळ त्याच्यापुढे उभी होती. कुणीतरी त्याला हळदकुंकू वाहिले होते.

वाडी तिथून पुढे, ओढ्याच्या कडेला. पंधरा-वीस घरे. आडनाव सांगताच पोरांनी एक घर दाखवले. ओसरीवर एक म्हातारेबुवा शेंगा निवडत बसले होते. मी हंड्यावरची ओळ कागदावर बाळबोधीत उतरवून नेली होती. ती वाचून दाखवली. बापाचे नाव ऐकल्यावर ते म्हणाले, “ह्यो माझा पणजा.” मुलीचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. पण आतून त्यांच्या मंडळी आल्या आणि म्हणाल्या, “आमची आजेसासू सांगायची, एक आत्या नदीपल्याड दिली होती. मानमोडीत गेली. हिकडंबी तवा घरातली चौघं गेली. कोण कुणाच्या मातीला जाणार? मग येनंजानंच तुटलं.”

एवढाच पुरावा. कोर्टात टिकायचा नाही. म्हातारेबुवांनी मात्र शेंगांचे सूप बाजूला सारले, बोटांवर काहीतरी मोजले आणि माझ्याकडे पाहिले. “तुझा आजा आमचा भाचा. म्हंजी तुझा बाप माझा भाऊ लागतो की रं. कसा हाय?”

मी सांगितले.

ते बराच वेळ बोलले नाहीत. ज्या भावाचे नावही त्यांनी एका घटकेपूर्वी ऐकले नव्हते, त्याच्यासाठी त्या माणसाचे डोळे भरून आले होते. मंडळींनी माझ्या मुलीला कुंकू लावले आणि हातावर साखर ठेवली. निघताना मला वाटले, आता टॉवेल-टोपी येणार. पण बुवा म्हणाले, “पितरपाटात काय देत न्हाईत. मोकळ्या हातानं लावतोय, राग धरू नगं. तुझ्या आत्याला सांग, भाऊबीजेला येतो. तिची वववाळणी किती सालांची ऱ्हायलीया, ती काय मोजत बसत न्हाई.”

हा मजकूर लिहिताना ते चार अक्षरी नाव इथे द्यावे असे फार वाटत होते. आत्याला फोन करून विचारले. ती म्हणाली, “म्हाळाला आगारीवर घिऊ दे आधी तात्याला. घरात घेतल्याबिगर गावाला कशापायी सांगायचं?” तेव्हा वाचकांनी एक वर्ष थांबावे. आणि मग तिने फोन ठेवण्याआधी विचारले, “भाऊबीजेला काय करू रं जेवायला? त्यांच्यात पुरणपोळी चालती का, इच्यारलंस का तू?”

ते मी विचारलेले नव्हते.